अमावास्येची बाई: खाडीकाठच्या एका स्मशानाचं प्रकरण

नवी मुंबईतल्या खाडीकाठच्या एका गावाचं हे प्रकरण आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, आणि ज्या बाईच्या जिवावर हा सगळा खेळ झाला तिचं तर नाहीच नाही. गाव आगरी-कोळ्यांचं. पूर्वेकडून सरकत आलेली टॉवरांची रांग आता गावठाणाला टेकली आहे. पश्चिमेला बांध, बांधापलीकडे तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान आणि त्यापुढे खाडी. गावठाण आणि बांध यांच्यामधल्या पट्ट्यात गावाचं जुनं स्मशान आहे: पत्र्याची शेड, चौथरा, लाकडांची खोली, एक नळ आणि एक थोराड वड. गाव लहान असल्यामुळे चिता क्वचितच पेटते. एरवी तिथे बगळे असतात, बकऱ्या असतात आणि दुपारी सावलीला मोबाइल घेऊन बसलेली पोरं असतात.

भुताच्या गोष्टींबद्दल आपल्याकडे दोनच सुरांत लिहिलं जातं. एक अंगावर काटा आणणारा, दुसरा ‘सगळं थोतांड’ म्हणून हात झटकणारा. या प्रकरणात दोन्ही सुरांनी घोळ वाढवलाच. इथल्या भुताला वेळापत्रक होतं आणि ते खाडीच्या भरतीचं होतं. गावातल्या जुन्या माणसांना ते पाठ होतं. टॉवरमध्ये नव्यानं राहायला आलेल्यांना त्याची गंधवार्ता नव्हती. गोष्ट गावातून टॉवरमध्ये गेली तेव्हा भूत तेवढं गेलं आणि खाडी मागेच राहिली. पुढचा सगळा त्रास त्यातून झाला, असं माझं मत आहे.

क्लिप

थंडीतली अमावास्या होती. एका सोसायटीच्या मागच्या गेटवरचा कॅमेरा बांधाच्या दिशेनं लावलेला आहे. मध्यरात्र उलटून गेल्यावर त्यात एक पांढरी आकृती दिसली. बांधावरून सावकाश चालत आली, स्मशानाच्या शेडपाशी थांबली, खाली वाकली, पुन्हा उभी राहिली आणि बांधाच्या पलीकडच्या उतारावर नाहीशी झाली. एवढंच. जेमतेम अर्ध्या मिनिटाची क्लिप. सकाळी ती सोसायटीच्या ग्रुपवर आली, दुपारपर्यंत शेजारच्या सोसायट्यांत गेली आणि संध्याकाळी माझ्या भाच्यानं ती मलाच पाठवली. खाली मजकूर: ‘पाय उलटे आहेत, झूम करून बघा.’ मी झूम करून बघितलं. त्या क्लिपमध्ये पाय दिसतच नाहीत. गुडघ्याखाली सगळा अंधार आहे.

दोन-चार दिवसांत गोष्टीला फांद्या फुटल्या. त्या जागी म्हणे एका नवरीनं जीव दिला होता. टॉवरचा पाया खणताना म्हणे सांगाडे निघाले होते. हे सांगणाऱ्यांपैकी कुणाचाही जन्म या गावातला नव्हता, आणि ज्यांचा होता त्यांना कुणी विचारलंच नाही. रिक्षावाले अंधार पडल्यावर मागच्या गेटपर्यंत यायला नको म्हणू लागले. रात्रपाळीचा गार्ड उत्तर प्रदेशातला एक तरुण. बारा तासांची ड्यूटी, केबिन एकट्याची, त्यात बदली आला नाही की सलग दुसरी पाळी. त्यानं सांगितलं की बाराच्या पुढे खाडीकडून बायकांच्या हसण्याचा आवाज येतो, गटारातून कुणीतरी उसासे टाकतं, आणि एकदा तर खुर्चीत बसल्या बसल्या छातीवर कुणी बसल्यासारखं झालं, ओरडता येईना, हात हलेना. तो नोकरी सोडायच्या बेतात होता.

(छातीवर बसणाऱ्या भुताचं एवढ्यातच सांगून टाकतो. अपुरी झोप, उलटसुलट पाळ्या आणि बसल्या जागी लागलेली डुलकी असेल, तर मेंदू जागा होतो पण स्वप्नाच्या झोपेत सैल पडलेले स्नायू काही क्षण तसेच राहतात. छातीवर दाब, हालता न येणं, जवळ कुणी असल्याचा भास, हे सगळं त्यात येतं. डॉक्टरांना हे चांगलं ठाऊक आहे. या भुतावरचा उतारा म्हणजे दुसरा गार्ड.)

इथवर हे हसण्यावारी नेता आलं असतं. पुढच्या अमावास्येला सोसायटीतली काही तरुण पोरं ‘भूत पकडायला’ काठ्या आणि मोबाइलचे दिवे घेऊन बांधावर गेली. भूत दिसलं. पोरं ओरडत त्याच्या अंगावर धावली. भूत घाबरून पळालं, शेवाळलेल्या दगडांवर घसरलं आणि त्याचं मनगट मोडलं.

ती आमची काकी होती.

काकी

काकी पन्नाशीच्या पुढची आहे. तिच्या सासऱ्यांची मिठागरं आणि भातखाचरं सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, संपादनात गेली. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. आमचं गाव त्यातलंच. जमीन गेली तरी खाडी उरली. काकी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडते. फग (खेकड्यांचा सापळा) घेऊन जाते, तिवरांमधल्या खाचेत लावते, थोड्या थोड्या वेळानं उचलून बघते. मच्छीमार्केटला तिचं ठरलेलं गिऱ्हाईक आहे, आणि त्या गिऱ्हाइकाला अमावास्येच्या चिंबोऱ्या हव्या असतात. अमावास्येला चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेला पोकळ, हा आमच्याकडचा पिढ्यान्पिढ्यांचा हिशेब आहे, आणि बाजारभावही त्याच हिशेबानं चालतो. म्हणजे ज्या रात्री भूत निघतं त्याच रात्री काकीचा धंदा जोरात असतो.

हाताला प्लास्टर घालून ती ओट्यावर बसली होती तेव्हा मी तिला क्लिप दाखवली. तिनं ती दोनदा बघितली आणि पहिली हरकत साडीवर घेतली. “मास्तर, पांढरा लुगरा मी कवा नेसली? माजा नवरा जिता हाय अजून.”

तिचं बरोबर होतं. त्या रात्री तिनं गर्द हिरवं लुगडं नेसलं होतं. बाजारात मिळणारं साधं सिंथेटिक. मग क्लिपमध्ये पांढरं कुठून आलं? अंधारात कॅमेरा रंग बघत नाही. तो स्वतः अवरक्त प्रकाश टाकतो, जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, आणि परतून येईल त्यावरून काळं-पांढरं चित्र बनवतो. कापडाचा रंग आपल्याला गडद दिसत असला तरी पुष्कळशा कृत्रिम धाग्यांवरून हा प्रकाश भरपूर परततो. म्हणून हिरवं, निळं, अगदी काळं कापडसुद्धा रात्रीच्या चित्रात पांढरंफेक दिसू शकतं. हे कुणालाही घरच्या घरी बघता येईल. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी तसंच करायला सांगितलं. त्यांनी आपल्याच पत्नीची गडद ओढणी गेटवर धरून रात्री कॅमेऱ्यात बघितली आणि मला रात्री साडेअकराला फोन केला. त्या फोनवरचा त्यांचा आवाज मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत समाधान देऊन गेला.

पाय न दिसण्याचं कारण आणखी साधं आहे. कॅमेऱ्याचा प्रकाश थोड्याच अंतरापर्यंत पोचतो, बांधावर गवत गुडघाभर आहे आणि काकीचे पाय चिखलानं माखलेले होते. शेडपाशी ती थांबली कारण तिथे नळ आहे. वाकून ती पाणी भरत होती.

गावाची आधीची भुतं

आमच्या लहानपणी या जागेत भुतं नव्हती असं मी म्हणणार नाही. भरपूर होती. बांधाच्या सुरुवातीला शेंदूर फासलेला वेताळाचा दगड अजून आहे. पण त्या भुतांचा कारभार वेगळा होता, आणि त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ‘अडाणी गावानं पसरवलेल्या अफवा’ असा शब्दप्रयोग सोसायटीच्या एका बैठकीत माझ्या कानावर आला.

गिऱ्हा हे पाण्यातलं भूत. बुडून मेलेल्याचं. तो ओळखीच्या आवाजात हाक मारतो आणि खोल पाण्याकडे नेतो. उधाणाच्या रात्री बांधावर हाक आली तर ओ द्यायची नाही, ही आजीची शिकवण. ‘उधाणाच्या रात्री’ हे तिचे शब्द, ‘रात्री’ एवढंच नव्हे. भरतीचं गणित घरातल्या पोराटोरांना येत असे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती साधारण सहाला. अमावास्या आणि पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मुंबईच्या किनाऱ्याला हे आजही बऱ्यापैकी जुळतं. खाडीत आत यावं तसा थोडा उशीर होतो. म्हणजे अमावास्येला आणि लगतच्या एक-दोन तिथींना सर्वांत मोठी भरती ऐन मध्यरात्रीच्या आसपास येते. त्यात पावसाळ्यातली मोठी उधाणं दुपारची असतात आणि थंडीतली रात्रीची. मार्गशीर्ष-पौषातल्या अमावास्येला मध्यरात्री पाणी बांधाच्या कानाशी येऊन टेकतं, आणि ते कुणाला दिसत नाही, कारण चंद्र नसतो.

पौर्णिमेलाही तेवढंच पाणी चढतं. तिची भुताची गोष्ट मात्र आमच्या गावात एकही नाही. चांदण्यात पाणी दिसतं, कोल्हा दिसतो, चिंबोऱ्यावाली दिसते. घाबरायला काही उरत नाही.

दुसरा चकवा. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारट दलदलीत, रात्री माणूस तासन्‌तास चालतो आणि फिरून त्याच जागी येतो. चकवा हा थट्टेचा विषय करण्याआधी एक प्रयोग माहीत असावा. 2009 मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ चालली. तो ढगाआड गेला की नकळत गोल फिरून आपलीच वाट ओलांडू लागली. डोळे बांधले तर वर्तुळं फारच लहान झाली. चंद्र नसलेल्या रात्री, पायवाट पाण्याखाली गेलेल्या खाजणात याहून वेगळं काय होणार? आणि गावाचा त्यावरचा उपाय काय होता? चकवा लागला की जागच्या जागी बसायचं, विडी पेटवायची, हलायचं नाही. भरती उतरायला सहाएक तास लागतात. बसून राहिलेला माणूस सकाळी घरी येई. वाट शोधत राहिलेला कधीकधी येत नसे.

तिसरी हडळ, आणि इथे मला जरा थांबावंसं वाटतं. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते असं मानलं जाई. आमच्या स्मशानाचा खाडीकडचा कोपरा तान्ह्या मुलांचा आहे. दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड आणि बोरीच्या काट्या टाकत. त्या कोपऱ्याकडे गरोदर बाईनं, ओल्या बाळंतिणीनं जायचं नाही. माझ्या आजीच्या पिढीत गावात असं घर सापडणं कठीण होतं, ज्यातली एखादी सून किंवा लेक बाळंतपणात गेली नाही. सरकारी गणनेनुसार 2018 ते 2020 या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे 33 माता दगावल्या. देशातल्या कमी दरांपैकी हा एक. आजीच्या काळाशी याची तुलनाच होत नाही. त्या काळच्या बायकांना हडळीची भीती वाटायची, पण ती कोण हेही त्यांना माहीत असायचं. अमक्याची थोरली, तमक्याची दुसरी. तिच्या नावानं पानावर घास काढला जायचा. क्लिपमधल्या ‘नवरी’ला मात्र नाव नाही, घर नाही, सासर-माहेर नाही. ती कुणाचीच कुणी नाही, म्हणून तिच्यावर काठी उगारणं सोपं गेलं.

बांधावर काय ऐकू येतं

काकीचा मुलगा, तो गार्ड आणि मी, असे आम्ही पुढच्या उधाणाला बांधावर जाऊन बसलो. तिवरांत उतरलो नाही. कांदळवन वनखात्याच्या अखत्यारीत आहे आणि अंधारात तिथे शिरणं तसंही शहाणपणाचं नाही. मोबाइलवर भरतीचा तक्ता उघडा ठेवला होता.

पहिल्यांदा ऐकू आले ते उसासे. टॉवरच्या बाजूचं पावसाचं पाणी वाहून नेणारा नाला खाडीत उघडतो. नवी मुंबई वसवताना भरतीचं पाणी शहरात शिरू नये म्हणून धारण तलाव आणि एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा ठेवल्या गेल्या. गावाच्या जुन्या खारबंदिस्तीत, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधांत, हेच काम लाकडी उघाडी करायची. बाहेरचं पाणी चढू लागलं की झडप दाबली जाते. आमच्या नाल्याची झडप गंजून वाकडी झालेली आहे, त्यामुळे ती नीट बसत नाही. पाणी फटीतून आत येतं आणि नाल्यात अडकलेली हवा झाकणांच्या भोकांतून बाहेर पडते. लांब, थांबून थांबून. गार्डची केबिन बरोबर अशा एका झाकणाला लागून आहे. शेवटी झडप आपटून बंद होते तो आवाज आम्हालाही दचकवून गेला.

मग कोल्हे. खाडीकाठच्या कांदळवनात सोनेरी कोल्हे आहेत हे पुष्कळ नवी मुंबईकरांना आता फोटोंमुळे माहीत झालंय. पाणी आत भरलं की त्यांना कोरडी जागा हवी असते, आणि कोरडी जागा म्हणजे बांध आणि स्मशान. एकानं सूर लावला की बाकीचे उचलतात. त्यात थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. अशा थरातून जाणारा आवाज वर न विरता खाली वळतो आणि लांबचा जवळ वाटतो. गार्डला तो ‘अगदी भिंतीमागे’ वाटत होता यात त्याची काही चूक नाही.

बायकांचं हसणं शेवटी आलं. भरतीनं पूर्ण खाडी व्यापली, चिखल पाण्याखाली गेला आणि डोक्यावरून, अंधारात, घोळक्यानं बोलत चालल्यासारखा आवाज गेला. मधूनच खिदळल्यासारखा. गार्डनं माझा दंड धरला. काकीचा मुलगा म्हणाला, “रोहित.” रोहित म्हणजे फ्लेमिंगो. ठाणे खाडीत नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत फ्लेमिंगो असतात, एखाद्या हंगामात लाखाच्या घरात. 2015 साली या खाडीत त्यांच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं आणि 2022 मध्ये ते रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत गेलं. ओहोटीला ते उघड्या चिखलावर चरतात. भरतीनं चिखल बुडाला की आतल्या पाणथळींवर जाऊन बसतात, मग ती भरती दुपारची असो की मध्यरात्रीची. उडताना ते बदकांसारखे घशातून बोलत असतात. ज्या सोसायटीच्या जाहिरातीत दिवसा उडणारे फ्लेमिंगो छापले होते, तिथेच ते रात्री उडाले म्हणून माणसं घाबरली. गार्ड थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “पक्षी है तो ठीक है साहब, पर आदमी जैसा क्यों हँसता है?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

एक गोष्ट मात्र आम्हाला दिसली नाही: हाडांतल्या फॉस्फरसचा उजेड. तिचा उल्लेख करतो कारण विज्ञानाच्या नावानं पसरलेली हीसुद्धा एक दंतकथाच आहे. सोसायटीनं क्लबहाऊसमध्ये एका वक्त्याचं व्याख्यान ठेवलं होतं. त्यांनी स्मशान, बांध, खाडी काहीही न बघता सांगून टाकलं की हाडांतला फॉस्फरस पेटतो आणि लोकांना भूत दिसतं. हाडांतला फॉस्फरस कॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात असतो आणि तो पेटत नाही. म्हणून तर चिता विझल्यावर अस्थी हाताला लागतात. दलदलीवरच्या दिव्यांबद्दल शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहेत. आमच्या बांधावर रात्री दिसणारे दिवे हे चिंबोऱ्या धरणाऱ्यांच्या डोक्यावरचे टॉर्च होते, आणि चिता झालेल्या रात्री वाऱ्यानं लाल होणारे निखारे. लोकांनी व्याख्यानाला टाळ्या वाजवल्या. काठ्या घेऊन पोरं गेली ती त्यानंतरच्या अमावास्येला. भूत नाही हे कळूनही माणूस भूत पकडायला जाऊ शकतो, एवढं त्यातून मला कळलं.

व्याख्यानं वाईट असतात असं नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अमावास्येच्या रात्री लोकांना स्मशानात सहलीला नेतात, ती पद्धत मला जास्त पटते, कारण त्यात माणूस स्वतः तिथे उभा राहतो.

पुढे काय केलं

काकीच्या मुलाला पोलिसांत जायचं होतं. मारहाणीची तक्रार करता आली असती. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही चर्चेत आला. त्यात दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड आहे. अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हे त्याच्या अनुसूचीत बसतं. पण भुताची गोष्ट सांगणं किंवा भुतावर विश्वास ठेवणं हा गुन्हा नाही, आणि तसा तो नसावाही. क्लिप टाकणाऱ्यानं कुणाचं नाव घेतलेलं नव्हतं. त्याला ती बाई कोण हेच माहीत नव्हतं. काकीनं तक्रार नको म्हटलं. तिला पोरांना तुरुंगात पाठवायचं नव्हतं. तिला बुडालेल्या दिवसांचे पैसे हवे होते.

गावकीनं सोसायटीच्या कमिटीला निरोप धाडला. बैठक गावदेवीच्या मंडपात झाली, क्लबहाऊसमध्ये नाही; हा आग्रह गावातल्या ज्येष्ठ मंडळींचा होता आणि तो योग्य होता. पोरांचे आईवडील आले. सुरुवातीला ‘तुमच्या बायका रात्रीअपरात्री तिकडे जातात कशाला’ असा सूर निघाला. त्यावर आमचे एक आजोबा फक्त एवढंच म्हणाले, “तुमी सकाली आफिसान जाता, तशी ती जाते.” पैसे मिळाले, हाताचा खर्चही मिळाला. पोरं पाया पडली. काकीनं त्यांना विचारलं, काठी मारायचीच होती तर आधी हाक का नाही मारली? एकानं प्रामाणिकपणे सांगितलं की भुताला हाक मारायची नसते असं ऐकलं होतं. मंडपात हशा पिकला. काकी हसली नाही.

गार्डसाठी केलेला उपाय सर्वांत स्वस्त ठरला. मी महिन्याचा भरतीचा तक्ता हिंदीत लिहून त्याच्या केबिनमध्ये लावला. कोणत्या रात्री किती वाजता पाणी चढणार, आधी झाकण उसासे टाकणार, मग झडप, मग कोल्हे, मग पक्षी, अशा क्रमानं. दर महिन्याला तो स्वतःच नवा तक्ता मागून घेऊ लागला. आता रात्री येणाऱ्या रिक्षावाल्यांना तो थांबवून सांगतो, “दस मिनट रुको, अभी झडप बजेगा.” एजन्सीनं दुसरा गार्ड अजून दिलेला नाही. नाल्याची झडप दुरुस्त करावी म्हणून सोसायटी आणि गाव दोघांनी मिळून पहिल्यांदाच एका कागदावर सह्या केल्या. वाकडी झडप ही भुतापेक्षा जास्त काळजीची गोष्ट आहे, कारण पावसाळ्यातल्या दुपारच्या उधाणाला त्यातून पाणी थेट तळघरातल्या पार्किंगमध्ये येऊ शकतं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. क्लिप अजून फिरते. गेल्या महिन्यात ती दुसऱ्याच जिल्ह्यातल्या घाटाच्या नावानं माझ्याकडे परत आली, खाली तेच उलटे पाय. सोसायटीतली काही घरं काकीकडून चिंबोऱ्या मागवतात, पण लहान मुलं तिला ‘भूतवाली मावशी’ म्हणतात. तिला ते आवडत नाही आणि ती तसं सांगतेही. अमावास्येला ती आता गेटसमोरून जात नाही. गावठाणाच्या मागून लांबचा फेरा घेते आणि त्यात तिचा भरतीआधीचा चांगला वेळ जातो. कॅमेऱ्याचं तोंड गेटपुरतं वळवा असं आम्ही सुचवलं होतं. सुरक्षेच्या कारणावरून ते मान्य झालं नाही.

स्मशान हलवावं हा सोसायटीचा अर्ज प्रकरणाच्या आधीपासूनचा आहे. मधल्या काळात त्यात ‘रहिवाशांमध्ये भीतीचं वातावरण’ असं एक कलम घुसलं होतं, ते कमिटीनं काढलं. धुराचं कलम राहिलं आणि ते खरं आहे. दिवसा खाडीकडून वारा सुटतो आणि शेडला धुराडं नसल्यामुळे धूर सरळ टॉवरच्या खालच्या मजल्यांवर जातो. धुराडं बांधावं याला गावाची ना नाही. गॅसदाहिनीला जुन्यांची आहे. त्यांना लाकूडच हवं. आणि तान्ह्यांचा कोपरा कुठेही हलणार नाही, यावर गावातल्या बायका ठाम आहेत. पुढची बैठक याच विषयावर ठरते आहे. तारीख अमावास्येच्या आसपास धरू नका, असा काकीचा निरोप आहे. त्या दिवसांत तिला वेळ नसतो.